काळजी करणं आणि काळजी घेणं

मराठीत 'काळजी' हा शब्द दोन क्रियापदांबरोबर चालतो आणि क्रियापद बदललं की माणसाची बैठकच बदलते. आजारी आईची काळजी करणारा मुलगा रात्री दोन वाजता छताकडे बघत पडलेला असतो. काळजी घेणारा मुलगा औषधाच्या वेळा पाळतो, अंथरूण बदलतो, तिच्याजवळ बसतो. दोघांचंही आईवर प्रेम आहे. पण पहिल्याचं प्रेम आईपर्यंत पोचतच नाही. ते त्याच्याच डोक्यात गरगरत राहतं.

नव्या कराराच्या ग्रीकमध्ये तर क्रियापद बदलावंच लागतं असंही नाही. 'मेरिम्नाओ' हे एकच क्रियापद दोन्ही अर्थांनी येतं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातल्या दहा वचनांत (मत्तय ६:२५-३४) ते सहा वेळा आहे: काय खावं, काय प्यावं, काय पांघरावं याची चिंता करू नका, उद्याची चिंता करू नका. फिलिप्पैकरांना लिहिताना प्रेषित पौलही तेच सांगतो (४:६). पण त्याच पत्रात, दोन अध्याय आधी, आपला सहकारी तीमथ्य याची शिफारस करताना तो लिहितो की तुमची खरीखुरी काळजी वाहील असा दुसरा कोणी माझ्याजवळ नाही (२:२०). ग्रीक क्रियापद तेच. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, शरीराच्या अवयवांनी एकमेकांची सारखीच काळजी घ्यावी (१२:२५), तिथंही तेच. दुसऱ्या पत्रात फटके, जहाज फुटणं, भूक, थंडी अशी स्वतःवरच्या संकटांची लांबलचक यादी दिल्यावर पौल शेवटी कबूल करतो की सर्व मंडळ्यांची (म्हणजे ठिकठिकाणच्या ख्रिस्ती समुदायांची) चिंता रोज माझ्यावर असते (११:२८). चिंता करू नका म्हणणारा आणि मला चिंता असते म्हणणारा माणूस एकच आहे.

म्हणून ख्रिस्ती शिकवण मनातली ही शक्ती मारायला सांगते, हे खरं नाही. ती तिचं तोंड वळवायला सांगते. 'माझं काय होईल' इकडून 'तुला काय हवंय' तिकडे. आणि हे वळण नुसत्या विचारानं घेता येत नाही, त्याला प्रेमाची एखादी कृती लागते. असं असताना चिंतेनं पोखरलेला माणूस पाळकांकडे किंवा प्रार्थनागटाकडे गेला की त्याला बहुधा एकच वाक्य ऐकायला मिळतं: विश्वास वाढवा, चिंता करणं पाप आहे. माझा आक्षेप या वाक्याला आहे. ते अर्धवट आहे आणि त्यामुळे घातकही आहे. बरं व्हायला आलेला माणूस मूळ चिंतेवर आणखी एक चिंता घेऊन घरी जातो: माझा विश्वास खरा आहे का?

विचार करू नकोस असं मनाला बजावल्यानं काय होतं, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये एका साध्या प्रयोगात दाखवलं. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आलाच तर घंटी वाजवा, असं लोकांना सांगितलं. घंटी वाजत राहिली. नंतर विचार करायला मोकळीक दिली, तेव्हा आधी विचार दाबलेल्यांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. विचार दाबायचा तर तो आला का हे मनाला सारखं तपासावं लागतं, आणि ती तपासणीच त्याला जागं ठेवते. 'चिंता करू नका' हा मनाला दिलेला हुकूम म्हणून वापरला तर त्याचंही हेच होणार.

येशूनं तो तसा वापरलेलाच नाही. मत्तय ६:२५ ची सुरुवात 'म्हणून' या शब्दानं होते, आणि तो 'म्हणून' आधीच्या वचनाला बांधलेला आहे: कोणालाही दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, देव आणि धन. म्हणजे प्रश्न मनःशांतीचा होण्याआधी चाकरीचा आहे, दिवसभर आपण कोणाचं काम करतो याचा. दुसरं, इथलं सगळं अनेकवचनात आहे. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' या प्रार्थनेत 'मला' हा शब्दच नाही. ऐकणाऱ्यांत हातावर पोट असलेले लोक असणारच. त्यांना उद्याच्या भाकरीची चिंता करू नका म्हणायचं, तर शेजारच्या कोणाला तरी स्वतःची भाकर वाटून घ्यावी लागते. सुरुवातीच्या मंडळीला हे नीट कळलं होतं. प्रेषितांची कृत्ये सांगतात की ते जमीनजुमला विकून ज्याला जशी गरज तसं वाटत (२:४५), आणि रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी तक्रार आली तेव्हा या कामासाठी सात माणसं नेमली गेली (६:१-६). याकोबाच्या पत्रात तर कोणालाही खजील करील असं उदाहरण आहे: उघड्या, उपाशी भावाबहिणीला 'सुखानं जा, ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणायचं आणि द्यायचं काहीच नाही, मग उपयोग काय (२:१५-१६)? भाडं थकलेल्या, नोकरी गेलेल्या घरात जाऊन नुसतं मत्तय ६ वाचून दाखवणं याच प्रकारात मोडतं. मंडळीत कोणाच्या घरी काय कमी आहे हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी आधी ते माहीत करून घ्यावं आणि मग हा शास्त्रपाठ निवडावा.

आता चिंता आतून कशी चालते ते पाहू, कारण प्रेमाचा उपाय तिच्या नेमक्या कोणत्या सांध्यावर बसतो हे त्यातून कळतं.

'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण फार अचूक आहे. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक यांनी चिंतेचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांच्या मांडणीत चिंता ही मुख्यतः शब्दांत चालते, चित्रांत कमी. चिंता करणारा भीतीच्या प्रसंगासमोर उभा राहत नाही, तो त्याच्याभोवती बोलत फिरतो: असं झालं तर, आणि मग तसं झालं तर. या बोलण्यानं भीती तात्पुरती बोथट होते, काहीतरी करतोय असं वाटतं, आणि म्हणूनच सवय सुटत नाही. चिंता हे काम नाही, पण ती कामासारखी दिसते. तासभर चिंता करून उठलेला माणूस दमलेला असतो, पण एकही गोष्ट जागची हललेली नसते.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या संन्याशानं माणसाला छळणाऱ्या आठ विचारांचं वर्णन करून ठेवलं आहे. त्यातल्या 'द्रव्यलोभा'चं वर्णन वाचताना लोभी माणूस डोळ्यांपुढे येतच नाही, येतो तो चिंताग्रस्त माणूस. हा विचार मनाला लांबलचक म्हातारपण दाखवतो, काम करेनासे झालेले हात दाखवतो, येऊ घातलेला दुष्काळ, आजारपण, दारिद्र्य, आणि दुसऱ्याकडून गरजेच्या वस्तू घ्याव्या लागण्याची लाज. शेवटची ओळ मला महत्त्वाची वाटते. चिंतेच्या तळाशी अनेकदा टंचाईपेक्षाही कोणाचं तरी ऋणी होण्याची भीती असते, प्रेम घ्यावं लागेल ही भीती. इव्हाग्रियसनं आणखी एक भेद केला आहे, आणि चिंता करणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाला तो सांगितला पाहिजे: असे विचार मनात येणं न येणं आपल्या हाती नाही, त्यांना मनात मुक्काम करू द्यायचा की नाही हे मात्र आहे. विचार आला म्हणजे पाप घडलं असं नव्हे. दारावर कोणी आलं म्हणजे त्याला घरात घेतलं असं होत नाही.

मुक्काम मोडायचा तर कशानं? पौलाचं उत्तर करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात आहे. लग्नसमारंभात वाचून वाचून तो अध्याय गुळगुळीत झालाय, पण ग्रीकमध्ये चौथ्या ते सातव्या वचनांत प्रीतीचं वर्णन करणारी एकापाठोपाठ पंधरा क्रियापदं आहेत. विशेषण एकही नाही. प्रीती सहनशील 'असते' असं आपण भाषांतर करतो, मुळात ती सहन 'करते'. त्यातलं एक क्रियापद हिशेबाच्या वहीतलं आहे: प्रीती वाइटाचा हिशेब ठेवत नाही. चिंता दुसरं काय करते? झालेल्या वाइटाची नोंद आणि होऊ शकणाऱ्या वाइटाचं अंदाजपत्रक. प्रीती आणि चिंता एकाच वेळी एकाच वहीत लिहू शकत नाहीत, कारण एकीला हात कामासाठी मोकळे लागतात.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला (लूक १०:२५-३७) या दृष्टीनं पुन्हा वाचावा. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या प्रवाशाला पाहून याजक आणि लेवी, म्हणजे मंदिराचे दोन सेवक, वाट सोडून का गेले हे येशू सांगत नाही. मार्टिन लूथर किंग यांनी ३ एप्रिल १९६८ रोजी, म्हणजे हत्येच्या आदल्या दिवशी, मेम्फिस इथं केलेल्या भाषणात याचं एक कारण सुचवलं: यरुशलेमहून यरीहोला उतरणारा तो रस्ता लुटारूंचा होता, आणि त्या दोघांनी स्वतःला विचारलं असेल की मी थांबलो तर माझं काय होईल. मदतीला थांबलेल्या शोमरोन्यानं प्रश्न उलटा केला: मी थांबलो नाही तर याचं काय होईल? धोका तोच आहे, रस्ताही तोच. भीती वाटण्याचं कारण शोमरोन्यालाही आहेच. पहिला प्रश्न माणसाला रस्त्याच्या पलीकडून नेतो, दुसरा जवळ आणतो.

आणि मग तो काय करतो ते मोजून पाहावं. जवळ जातो. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो. पट्ट्या बांधतो. आपल्या जनावरावर बसवतो. उतारशाळेत नेतो, रात्रभर सांभाळतो. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन म्हणून सांगतो. त्यानंतर तो आपल्या कामाला जातो. हा शेवटचा भाग प्रवचनांत सहसा येत नाही. त्यानं जखमी माणसाचं उरलेलं आयुष्य अंगावर घेतलेलं नाही, जगातले सगळे लुटारू संपवण्याचा विडा उचललेला नाही. दुसऱ्याच्या हाती काम सोपवलं, पैसे मोजले, परत येण्याचा शब्द दिला. प्रेमाला मोजमाप असतं, सुरुवात आणि थांबा असतो. चिंतेला यातलं काहीच नसतं, आणि दोघींमधला फरक ओळखण्याची ही एक चांगली खूण आहे.

कोणी म्हणेल, मग सावधगिरी सोडायची का? मुळीच नाही. १५२७ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गला प्लेग आला तेव्हा धर्मसुधारक मार्टिन लूथर शहर सोडून गेला नाही, आणि प्लेगपासून पळावं का या प्रश्नावर त्यानं सविस्तर पत्र लिहिलं. त्यातली भूमिका आजही वापरता येते. देवानं राखावं अशी प्रार्थना करीन. मग घराला धुरी देईन, हवा शुद्ध करीन, औषध देईन आणि स्वतःही घेईन. जिथं माझी गरज नाही तिथं जाणार नाही, म्हणजे मला आणि माझ्यामुळे इतरांना लागण होणार नाही. पण शेजाऱ्याला माझी गरज लागली तर जागा किंवा माणूस टाळणार नाही, मोकळेपणानं जाईन. ज्यांच्यावर कोणाची जबाबदारी नाही आणि आजाऱ्यांची सोय झालेली आहे, त्यांनी शहर सोडलं तर त्यात पाप नाही, हेही तो स्पष्ट सांगतो. खबरदारी आणि चिंता या वेगळ्या वस्तू आहेत. खबरदारी घेऊन झाली की माणूस मोकळा होतो. चिंता कितीही केली तरी ती 'झाली' असं कधी होत नाही.

रोजच्या जगण्यात हे कसं उतरवायचं? फिलिप्पैकरांच्या चौथ्या अध्यायात याचा क्रमच दिला आहे, फक्त बहुतेक प्रवचनं सातव्या वचनावर थांबतात. सहाव्यात मागणं आहे, सातव्यात शांती अंतःकरणाचं रक्षण करील असं वचन. रक्षण करण्यासाठीचा ग्रीक शब्द फौजेचा आहे, शहराच्या वेशीवर पहारा ठेवण्याचा. पहारा आहे म्हणजे शत्रू वेशीपर्यंत येणार हे गृहीतच आहे. पण आठव्यात 'यांवर विचार करा' आणि नवव्यात 'ते करत राहा' आहे. नववं गाळलं तर सातवं टिकत नाही.

मागणं मागताना ते नेमकं मागावं. 'सगळं ठीक कर' ही प्रार्थना चिंताग्रस्त मनाला पुरत नाही, ते लगेच दुसरा फाटा शोधतं. 'उद्या सकाळी तपासणीचा निकाल आहे, तो ऐकताना मला स्थिर ठेव आणि डॉक्टरांना योग्य ते सुचव' असं मोठ्यानं एकदा म्हणावं, एका गोष्टीसाठी नाव घेऊन आभार मानावेत, आमेन म्हणावं आणि उठावं. तेच मागणं त्याच शब्दांत वीस वेळा घोळू लागलं, तर बहुधा प्रार्थना संपून चिंता सुरू झालेली असते. १ पेत्र ५:७ मध्ये चिंता देवावर 'टाका' असं जे क्रियापद आहे, तेच लूक १९:३५ मध्ये शिष्य आपली वस्त्रं शिंगरावर टाकतात तिथं येतं. वस्त्र टाकलं की हात रिकामे होतात.

रिकामे झालेले हात लगेच कामाला लावायचे असतात, आणि इथंच बहुतेकांचं चुकतं. स्वतःला एक प्रश्न विचारावा: या चिंतेच्या मुळाशी कोणाविषयीचं प्रेम आहे? जवळजवळ प्रत्येक चिंतेत कोणीतरी माणूस सापडतो. त्या माणसासाठी, आज, पंधरा-वीस मिनिटांत संपेल अशी एक गोष्ट करावी. उद्याच्या पैशांची चिंता असेल तर बायकोबरोबर बसून महिन्याचा खर्च एका कागदावर लिहिणं ही प्रेमाची कृती आहे. मुलाच्या परीक्षेची चिंता असेल तर त्याला नीट झोप मिळेल असं घर शांत ठेवणं. ज्या चिंतेत कोणीच सापडत नाही, म्हणजे ती निखळ स्वतःच्या प्रतिमेची असते, तेव्हा तिचा विषय सोडून सरळ दुसऱ्याच कोणासाठी काहीतरी करावं: एकट्या राहणाऱ्या नातेवाइकाला फोन, कोणाचं अडलेलं एखादं काम. मोठा संकल्प करू नये. मोठा संकल्प हा चिंतेचाच आवडता खुराक आहे, कारण तो उद्यावर जातो.

आणि विचार परत येणारच. तेव्हा त्याच्याशी वाद घालू नये. 'आलास का' एवढी नोंद घ्यावी आणि हातातल्या कामाकडे वळावं. दिवसात पन्नास वेळा वळावं लागलं तर पन्नास वेळा वळावं. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तपासलेली पद्धत उपयोगी पडते: रोज एकाच वेळी, एकाच जागी अर्धा तास चिंतेसाठी राखून ठेवायचा. एरवी चिंता आली की ती त्या वेळेसाठी पुढं ढकलायची. जागा पलंग नसावी आणि वेळ झोपेच्या तोंडावरची नसावी, नाहीतर अंथरूण आणि चिंता यांची गाठ पडते. त्या अर्ध्या तासात चिंता पूर्ण वाक्यात कागदावर लिहावी. जिच्याबाबत काही करता येईल तिच्यापुढं कृती आणि वेळ लिहावी. बाकीच्यांची नावं प्रार्थनेत घ्यावीत. 'ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे' (मत्तय ६:३४) या वचनाला दिलेलं हे एक वेळापत्रकच आहे.

इथं मोठा धोका आहे तो चिंतेनं प्रेमाचा वेश घेण्याचा. मुलगी प्रवासाला गेली की दर अर्ध्या तासानं फोन, नवऱ्याच्या प्रत्येक दुखण्यावर चौकशीची सरबत्ती, 'तुझ्याच भल्यासाठी' म्हणून प्रौढ मुलांच्या निर्णयांत हात. ही काळजी घेणं आहे की करणं? ओळखायची एकच कसोटी मला भरवशाची वाटते: या कृतीनं आराम कोणाला मिळतो? सातव्या फोननं मुलीला काहीच मिळत नाही, आईच्या छातीतली धडधड मात्र दहा मिनिटं थांबते. येशू पाहुणा म्हणून घरी आला तेव्हा मार्थेचंही हेच झालं (लूक १०:३८-४२). येशू तिच्या सेवेला नावं ठेवत नाही. ती पुष्कळ गोष्टींविषयी चिंता आणि दगदग करते, असं तो म्हणतो. चिंतेनं आधी तिची सेवा पसरवली, मग तिला बहिणीविषयी तक्रार करायला लावलं, आणि शेवटी पाहुण्यालाच सांगायला लावलं की हिला कामाला लाव.

दुसरी बाजू घरच्यांची. चिंताग्रस्त माणूस पुन्हा पुन्हा विचारतो: सगळं ठीक होईल ना? मी चुकलो तर नाही ना? प्रेमापोटी आपण प्रत्येक वेळी 'नाही रे, ठीक होईल' म्हणतो आणि नकळत दुखणं वाढवतो. आश्वासनाचा परिणाम घटकाभर टिकतो आणि मग जास्त डोस लागतो. उत्तर एकदा, नीट, शांतपणे द्यावं. पुढच्या वेळी एवढंच म्हणावं: 'तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय. उत्तर मी सकाळी दिलंय. चल, थोडं चालून येऊ.' हे दोघांनी आधी बसून ठरवलेलं असावं, नाहीतर ऐकणाऱ्याला ते तोडून टाकल्यासारखं लागतं.

धार्मिक मनाला होणारा एक खास प्रकार आहे: मी पाप केलं का, पुरतं कबूल केलं का, क्षमा खरंच मिळाली का, हा न संपणारा जप. १५२२ च्या सुमारास स्पेनमधल्या मानरेसा इथं, पुढं येशूसंघ स्थापन करणारा इग्नेशियस लोयोला या यातनेतून गेला. पापांगीकार, म्हणजे धर्मगुरूपुढं पापांची कबुली, पुन्हा पुन्हा करूनही समाधान होईना. जीव देण्याचेही विचार येऊ लागले. त्याचा पापांगीकार ऐकणाऱ्या धर्मगुरूनं सांगितलं की जुनी पापं आता सांगू नकोस, अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांग. पण त्याला तर सगळंच स्पष्ट वाटत होतं, म्हणून त्या सल्ल्याचा उपयोग शून्य! या छोट्या तपशिलात मोठा धडा आहे. अशा माणसाला 'गरज असेल तर ये' असा पर्याय ठेवू नये, कारण गरज त्याला नेहमीच वाटते. वारंवारता आधीच ठरवावी, एकाच माणसाचं मार्गदर्शन घ्यावं, जुनं पुन्हा उकरू नये. आज याला सक्तीच्या विचार-कृतींचा आजार (ओसीडी) म्हणून ओळखतात आणि त्यावर उपचार आहेत.

याच माणसांना १ योहान ४:१८ फार दुखावतं. पूर्ण प्रीती भीती घालवून देते आणि भीती बाळगणारा प्रीतीत पूर्ण झालेला नाही, हे वाचून ते म्हणतात, मला भीती वाटते, म्हणजे माझ्यात प्रीती नाही. वचनाच्या आजूबाजूला पाहिलं तर हा अर्थ उभा राहत नाही. सतरावं वचन न्यायाच्या दिवसाविषयी आहे, आणि अठराव्यातच म्हटलंय की भीतीत शासन आहे. म्हणजे इथली भीती ही देव मला शिक्षा करील ही भीती आहे. गर्दीत छाती धडधडणं, निकालाआधी पोटात गोळा येणं, याविषयी योहान बोलत नाही. आणि एकोणिसावं वचन क्रम सांगतं: त्यानं पहिल्यानं आपल्यावर प्रीती केली. दोषी ठरण्याच्या भीतीतून सोडवायला लिहिलेलं वचन माणसाला दोषी ठरवायला वापरणं, हे शास्त्रवाचनातलं मोठं पाप आहे.

प्रेम निवडलं म्हणजे भीती जाईलच असा करार कुठंही नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू अतिशय विस्मित आणि कष्टी झाला असं मार्क लिहितो (१४:३३). दुःखाचा प्याला टळावा म्हणून त्यानं तीनदा प्रार्थना केली, तो टळला नाही. मित्रांना त्यानं जागे राहा म्हणून विनवलं, तेही झोपले. तरी तो उठला आणि पुढं गेला. म्हणून 'आता शांत वाटतंय का' असं स्वतःला दर घटकेला विचारत प्रेमाची कृती करू नये. तशी ती केली तर ती औषधाची गोळी होते, आणि गोळीनं गुण आला नाही की माणूस ती टाकून देतो. भीतीसकट दिलेलं पाणीही तहानलेल्याची तहान भागवतं.

आणि काही वेळा हा सगळा सल्ला पुरेसा नसतो. सहा महिने किंवा जास्त काळ बहुतेक दिवस अनेक गोष्टींची आवरता न येणारी चिंता, आणि तिच्याबरोबर अस्वस्थता, थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायूंत ताण, झोप बिघडणं यांपैकी किमान तीन लक्षणं, असं असेल तर तो निदान होण्याजोगा चिंताविकार असू शकतो. त्यावर विचार-वर्तन उपचार आहेत, औषधं आहेत. नेहमी दिल्या जाणाऱ्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि ती डॉक्टरांना न विचारता एकदम बंद केली तर त्रास होतो. 'प्रार्थनेनं बरं वाटतंय, आता गोळ्या कशाला' असा सल्ला मंडळीतल्या कोणीही देऊ नये. जीव देण्याचे विचार बोलून दाखवले तर त्या माणसाला एकटं सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

एलीया संदेष्ट्याचं उदाहरण (१ राजे १९) पाळकांनी तोंडपाठ करावं. तो जिवाच्या भीतीनं पळतो, झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देव त्याला विश्वासाचा धडा देत नाही. झोपू देतो. भाजलेली भाकर आणि पाणी. पुन्हा झोप, पुन्हा भाकर आणि पाणी. मग लांबची वाट चालायला लावतो, मग त्याची तक्रार दोनदा ऐकून घेतो. मग काम देतो, अलीशासारखा सोबती देतो आणि सांगतो की तुझ्यासारखे आणखी सात हजार आहेत. अन्न, झोप, चालणं, ऐकून घेणं, काम, सोबत. हा क्रम उलटा करून आपण सुरुवातच उपदेशानं करतो.

ज्या तीमथ्याची फिलिप्पैकरांच्या पत्रात एवढी स्तुती आहे, तोही भित्रा नसला तरी नाजूक प्रकृतीचा दिसतो. त्याला उद्देशून असलेल्या पत्रांत एकीकडे देवानं आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही, तर सामर्थ्याचा, प्रीतीचा आणि संयमाचा दिला आहे असं आहे (२ तीमथ्य १:७), आणि दुसरीकडे पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेत जा असा घरगुती औषधाचा सल्लाही आहे (१ तीमथ्य ५:२३). आणि त्याला करिंथसारख्या भांडकुदळ मंडळीत पाठवताना पौल शेवटच्या अध्यायात एक ओळ लिहितो (१ करिंथ १६:१०): तीमथ्य आला तर तो तुमच्यात निर्भयपणे राहील एवढं पाहा. इथं तो तीमथ्याला भिऊ नकोस असं सांगत नाही. त्याला भीती वाटू नये ही जबाबदारी त्यानं मंडळीवर टाकली आहे.